किक मारायची नाही

आमच्या शेजारचे खरातमामा रविवारी दुपारी मोबाईलवर परदेशातली मोटारींची शर्यत लावतात आणि चौथ्या-पाचव्या फेरीला घोरायला लागतात. कोण जिंकलं ते त्यांना मी सांगते, कारण मधली भिंत पत्र्याची आहे आणि मला सगळं ऐकू येतं. पण त्याच शर्यतीचे नियम बदलले अशी बातमी आली की हा माणूस दिवसभर जमिनीवर नसतो. घरात सून आल्यासारखा चेहरा करून माझ्या दुकानासमोर येऊन उभा राहतो.

"शोभाताई, यंदा तिकडं गाड्या बारीक केल्या. वजन घटवलं. निम्मी ताकद बॅटरीची. आता बघा कोण पुढं येतंय ते."

मी मान हलवते. मला त्यातलं काही कळत नाही. मी चौथी पास आहे आणि मोटारीत आयुष्यात तीन-चारदाच बसले, तेही मागच्या सीटवर मधोमध. पण मान हलवण्यात माझा हात धरणारं हर्सूल रोडला कोणी नाही.

मी गाड्यांची सीट कव्हरं शिवते. मामांचं गॅरेज आणि माझं दुकान एकाच शेडचे दोन तुकडे. मी लाजरी आहे असं लोक म्हणतात, ते कौतुकानं म्हणत नाहीत. गिऱ्हाइकाला भाव सांगायची वेळ आली की मी बोटं दाखवते. एकदा एक जण कव्हर निळं हवं म्हणाला की काळं, ते मशीनच्या आवाजात कळलं नाही. परत विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून अर्धं निळं आणि अर्धं काळं शिवून दिलं. त्याला ते इतकं आवडलं की पुढं त्याचे सगळे मित्र तसंच मागायला आले. तेव्हापासून मला इथं डिझाइनवाली म्हणतात. माझी सगळी प्रगती अशीच तोंड न उघडल्यामुळं झालेली आहे.

मामांचं एक लाडकं वाक्य आहे: "पैशाला दावं लावा, मग डोकं सुटतं." म्हणजे काय, ते त्यांनी मला अनेकदा समजावून सांगितलंय. तिकडं पूर्वी ज्याच्याकडं पैसा जास्त त्याचीच गाडी पुढं. बाकीचे नुसतं पेट्रोल जाळायला यायचे. मग त्यांनी ठरवलं की वर्षाला एवढाच खर्च करायचा, त्यापुढं नाही. आता पैसा सारखा, म्हणून डोकं कोणाचं चांगलं ते दिसतं. त्याच्याही पुढचा एक नियम मामांना फार आवडतो. तिकडं गाडीला वारा कसा लागतो हे तपासायची खोली असते म्हणे. त्या खोलीत पहिल्या आलेल्याला सगळ्यांत कमी वेळ मिळतो आणि शेवटच्याला सगळ्यांत जास्त. हे सांगताना मामांचा आवाज विहारात बोलतात तसा हळू होतो. "शेवटच्याला जास्त, ताई. असा नियम काढणारा माणूस कसा असंल?"

ही शिकवण ते फक्त मोटारींपुरती ठेवत नाहीत. आमच्या गल्लीत पाण्याचा टँकर आला की पहिल्या घरांची पिंपं भरायची आणि शेवटच्या घरांना गाळ यायचा. मामांनी नियम काढला की ह्या वेळी जो पहिला तो पुढच्या वेळी शेवटचा. दोन महिने भांडणं झाली, मग सवय झाली. जयंतीच्या मिरवणुकीत दोन गल्ल्यांची डीजेवरून चढाओढ चालायची, तिथं मामांनी मर्यादा घातली, एका गल्लीला स्पीकरचे चारच डबे. तर पलीकडच्या गल्लीनं चारच आणले, पण एकेक डबा खोलीएवढा. आमची गल्ली चिडली. मामा मात्र टाळी वाजवून हसले. "बघा, डोकं सुटलं." आणि पुढच्या वर्षी डब्याची उंची मोजायचा नियम आला. मोजायला टेप लागते आणि टेप माझ्या गळ्यात कायम लटकलेली असते. अशी मी तपासनीस झाले. मामा म्हणाले, "ताई कोणाशी बोलतच नायत, तर त्यांना फितवणार कोण?"

आता शर्यतीचं सांगते. हर्सूलच्या पुढं एक प्लॉटिंग पडलं होतं. कमान झाली, मुरमाचे रस्ते झाले, कोपऱ्यांवर पांढरे दगड लागले आणि प्लॉट काही विकले गेले नाहीत. बोरी-बाभळींनी तिथं सुखानं संसार मांडला. त्या रस्त्यांवर संक्रांतीनंतरच्या रविवारी मामा जुन्या गिअरच्या स्कूटरींची शर्यत लावतात. बक्षीस म्हणून एक स्टीलची कळशी असते आणि ती घेण्यासाठी माणसं वर्षभर झुरतात.

पूर्वी नियम नव्हते. मग एका वर्षी एका ठेकेदाराचा मुलगा पुण्याहून इंजिन बांधून घेऊन आला आणि इतका पुढं गेला की तो घरी जाऊन जेवून आला असता तरी जिंकला असता. पुढच्या वर्षी त्याच्यासकट तिघंच आले. तेव्हा मामांनी खर्चाला मर्यादा घातली. स्कूटरवर वर्षाला तीन हजारांच्या वर खर्च नाही. लगेच लोकांना मेव्हण्यांनी आणि साडूंनी सुटे भाग भेट द्यायला सुरुवात केली. मामांनी भेटीलाही भंगार बाजाराचा भाव लावला. मग मात्र गंमत आली. कोणी पत्रा कापून हलका केला, कोणी टायरात हवा कमी ठेवून वळणं साधली आणि त्या वर्षी पहिले चौघं इतके खेटून आले की त्यांच्यावर एक चादर टाकता आली असती.

त्यात एकानं वजन कमी करायला सीटमधला फोमच काढून टाकला. बघता बघता सगळेच नुसत्या पत्र्यावर बसायला लागले. माझ्या पोटावरच पाय आला, पण बोलणार कोण? पुढच्या वर्षी मामांनीच नियम काढला की सीटला पूर्ण जाडीचा फोम पाहिजे, ताई टेपनं मोजतील. लोक म्हणाले, मामांनी डिझाइनवालीचा धंदा सांभाळला. मला इतकं भरून आलं की मी महिनाभर मामांकडं बघितलं की मशीनची सुई बोटात घुसवून घ्यायची. जगात आपला विचार करून कोणी नियम करतं, हे मी ह्यांना दोनदा सांगितलं. आमचे हे वाळूजला कंपनीत आहेत, शिफ्टवरून आले की त्यांना फक्त भाकरी दिसते. ते म्हणाले, बरं.

त्यानंतरही दर वर्षी एक नियम बदलत गेला. आठ फेऱ्यांच्या पाच झाल्या. वळणावरचे दगड केशरी रंगवले. आकडे हातभर मोठे काढायचे ठरले. लोक कुरकुरायचे आणि पाळायचे.

शर्यतीत सगळी तिशीच्या आतली पोरं, एक रशीदभाई सोडून. रशीदभाई आणि मामांनी हे गॅरेज मिळून सुरू केलं होतं. पुढं रशीदभाई मुलाच्या स्पेअरच्या दुकानात बसायला लागले, पण शर्यत एकदाही चुकवली नाही. मामांना अख्खं हर्सूल मामा म्हणतं. मामी गेल्यावर त्यांना नावानं हाक मारणारं एकच माणूस उरलं, ते म्हणजे रशीदभाई. "ए उत्तम" म्हणून ते शेडमध्ये शिरले की मामांच्या हातातला पाना आपोआप खाली ठेवला जातो.

रशीदभाईंचा स्वभाव मात्र काचेसारखा. कोणी मदतीला हात पुढं केलेला त्यांना चालत नाही. एका लग्नात सगळे खाली पंगतीत बसले होते आणि यजमानानं वयाकडं बघून त्यांच्या एकट्यासाठी खुर्ची आणली, तर ते न जेवता उठून गेले. पुढच्या लग्नात मामांनी आधीच सांगून सगळ्या पंगतीला टेबल-खुर्च्या घालायला लावल्या. रशीदभाई पोटभर जेवले.

ह्या वर्षी संक्रांतीच्या आधी रशीदभाई माझ्याकडं सीट घेऊन आले. म्हणाले, "आपा, गादी दो इंच दबाके देव. ऊंची लगरी." मी नियमात बसेल तेवढी दाबून शिवून दिली. निघताना त्यांनी स्कूटरला किक मारायला पाय उचलला आणि तो अर्ध्यात थांबला. परत उचलला. मग दुसऱ्या बाजूला येऊन डाव्या पायानं बघितलं. शेवटी म्हणाले, इंजिनात पेट्रोल ओव्हर झालंय, आणि स्कूटर हातानं ढकलत हळूहळू निघून गेले. उजवा गुडघा वाकतच नव्हता. मी मान खाली घालून मशीन चालू केली. मामा पलीकडं एका गाडीखाली आडवे झाले होते. तिथून त्यांना रस्त्यावरचे फक्त पाय दिसत असणार.

दुसऱ्या दिवशी शटरवर खडूनं नवा नियम आला: किक मारायची नाही. धक्का स्टार्ट.

तो वाचला आणि माझ्या डोक्यात सगळे नियम एकामागून एक सरळ उभे राहिले. आठच्या पाच फेऱ्या झाल्या त्या वर्षी रशीदभाईंना दम लागायला लागला होता. दगड केशरी झाले आणि आकडे मोठे झाले तेव्हा त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलं होतं. आणि फोमचा नियम आला तेव्हा त्यांच्या कमरेला पट्टा होता. म्हणजे तोही माझ्यासाठी नव्हता. मी दिवसभर मशीनवर बसून स्वतःलाच हसत होते. ज्या नियमासाठी मी महिनाभर बोटं टोचून घेतली, तो एका म्हाताऱ्याच्या कमरेसाठी होता.

पण ह्या वेळी पोरं ऐकेनात. विकी साळवे म्हणून एक आहे, शोरूममध्ये कामाला. सलग दोन वर्षं कळशी त्याच्या घरी गेली, कारण त्याची स्कूटर अर्ध्या किकला उठते आणि बाकीचे किक मारत असताना तो पहिलं वळण घेतो. त्याला वाटलं हा नियम त्याला पाडायला काढला. तो सगळ्यांना घेऊन संध्याकाळी गॅरेजमध्ये आला. रशीदभाईही आले आणि टायरवर बसले. मी चहा घेऊन गेले होते.

विकी म्हणाला, दोन वर्षं जिंकलो हा माझा गुन्हा झाला का? मामा म्हणाले, तिकडंही जिंकणाऱ्यावर नियम येतात. विकीनं विचारलं की तिकडं गाड्यांना धक्का मारून सुरू करतात का? सगळे हसले. मामा सुरक्षिततेबद्दल काहीतरी पुटपुटले, मग जुन्या इंजिनाच्या किकच्या दात्यांबद्दल बोलले.

"मामा, खरं सांगा," विकी म्हणाला. "कोणासाठी केला हा नियम? नाव घ्या, आम्ही ऐकतो. नायतर आम्ही सहाच्या सहा जण नाय येत यंदा. लावा मग तुमची शर्यत."

रशीदभाईंनी कप खाली ठेवला आणि मामांकडं बघितलं. सगळेच बघत होते. प्रत्येक गोष्टीला नियम असणारा हा माणूस हातातला पाना ह्या हातातून त्या हातात घेत राहिला. नाव घेतलं तर रशीदभाई त्या लग्नासारखे उठून जाणार होते आणि परत येणार नव्हते. नाही घेतलं तर शर्यतच संपणार होती.

"माझ्यासाठी," कोणीतरी म्हणालं. आवाज इतका बारीक होता की मीसुद्धा मागं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं. मग मीच पुढं बोलले, "मी उतरणार हाय यंदा. मला किक जमत नाय."

गॅरेजमध्ये असं हसू फुटलं की रस्त्यावरचा पेरूवाला आत डोकावला. विकी तर पोट धरून खाली बसला. "मावशी, तुम्ही? मग तर यायलाच पाहिजे राव." हसणाऱ्या माणसाला रुसून जाता येत नाही. सहाच्या सहा जण येतो म्हणाले. रशीदभाईंनी कप परत उचलला. "वा आपा, बडी हिम्मत करे तुम."

हिंमत कसली, मी चहाची किटली तिथंच टाकून दुकानात पळाले.

मामांनी माझे आभार मानले नाहीत. सकाळी माझ्या दुकानासमोर एक पोपटी स्कूटर उभी होती. मामा तिच्याकडं बघत म्हणाले, "तपासनिसानं शर्यतीत उतरायचं नाय, असा नियम हाय आपला." मग चावी माझ्या हातात दिली. "बदलला."

मग त्या प्लॉटिंगमध्ये माझं शिक्षण सुरू झालं. क्लच दाबायचा, मनगट फिरवून गिअर टाकायचा, क्लच हळू सोडायचा. मी क्लच सोडायची तो कोणी हात धरला की झटकावा तसा, एकदम. स्कूटर उडी मारायची, मी बोरीत जायची. बोलायची लाज वाटते म्हणून थांबा असं ओरडताही यायचं नाही, मुकाट्यानं बोरीत जायचं. आमचे हे सुट्टीच्या दिवशी बघायला आले आणि आमच्या लग्नानंतर पहिल्यांदाच मला वाटलं की ते माझ्याकडं टक लावून बघताहेत. मी सीटवर माझंच कव्हर चढवलं, निळं आणि काळं. मामांनी त्याचाही बाजारभाव माझ्या तीन हजारांत धरला. म्हणाले, नियम म्हणजे नियम.

शर्यतीच्या सकाळी कमानीखाली आठ स्कूटरी ओळीत लागल्या. प्रत्येकामागं धक्का द्यायला एकेक माणूस उभा राहिला. कोणाचा भाऊ, कोणाचा मित्र, माझ्यामागं आमचे हे, शिफ्ट बदलून आलेले. मामा हिरवं फडकं घेऊन बाजूला उभे होते. फडकं वर गेलं आणि तसंच वर राहिलं.

ओळीच्या टोकाला रशीदभाईंच्या मागं कोणी नव्हतं.

त्यांचा मुलगा दुकान सोडून येणार नव्हता, आणि ते कोणाला सांगणार नव्हते. दोन्ही मुठी धरून ते समोर बघत बसले होते, मागून कोणीतरी चालत येतंच आहे असं दाखवत. मामांनी गुडघ्याचा विचार केला, कमरेचा केला, डोळ्यांचा केला. धक्का द्यायला माणूस लागतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ओळीतले सगळे एकमेकांकडं बघायला लागले.

मामांनी फडकं कमरेला खोचलं. "शेवटच्या लाईनीला उतार कमी हाय," ते मोठ्यानं म्हणाले. "तिथं अंपायरनं धक्का द्यायचा. नियम हाय."

असा काही नियम नव्हता. विकीनं तोंड उघडलं. त्यानं रशीदभाईंच्या उजव्या पायाकडं बघितलं, तो पाय काठीसारखा सरळ बाहेर निघाला होता. मग मामांकडं बघितलं.

"व्हय," तो म्हणाला. "हाय की नियम. पयल्यापासून हाय."

रशीदभाई मागं न बघता म्हणाले, "देनेका तो बराबर दे, उत्तम."

मामांनी चला म्हणून हाक दिली आणि सगळे निघाले. म्हणजे मी सोडून सगळे. आमच्या ह्यांनी मला जीव तोडून ढकललं, स्कूटर खोकलीसुद्धा नाही. ते परत ढकलायला लागले आणि थोड्या वेळानं प्लॉटच्या पांढऱ्या दगडावर जाऊन बसले. त्यामुळं पुढचं सगळं मला नीट बघता आलं. शर्यतीत इतकी चांगली जागा कोणाला मिळाली नसेल.

मामा दोन्ही हात रशीदभाईंच्या सीटला लावून पळत होते. इंजिन फटफटलं, धूर निघाला, स्कूटर चालू झाली. आता हात सोडायचा असतो. मामांनी सोडला नाही. ते सत्तरीला आलेले पाय मुरमावर आपटत, एक हात सीटवर ठेवून स्कूटरच्या बरोबरीनं पळत राहिले. रशीदभाईंचा आवाज आला, "छोड रे उत्तम, गिरेगा तू." तरी ते पहिल्या वळणाच्या दगडापर्यंत गेले. तिथं स्कूटर वळली आणि त्यांचा हात हवेत तसाच राहिला.

परत येताना ते चालत आले. श्वास लागला होता. चेहरा पुसला तो नुसता घामासाठी पुसला नसावा, पण मी कशाला विचारते. माझ्याजवळ येऊन त्यांनी स्कूटरकडं बघितलं, वाकले आणि सीटखाली हात घालून पेट्रोलचा कॉक फिरवला. मी तो उघडलाच नव्हता.

"ताई, आवरा लवकर," ते म्हणाले. "रशीद शेवटी यायला नको. त्याच्या मागं कोणतरी पाहिजे."

त्यांनीच मला धक्का दिला. स्कूटर दुसऱ्या गिअरमध्ये सुरू झाली आणि मला तिसरा टाकायची भीती वाटली, म्हणून शेवटपर्यंत तिथंच राहिली. पाचही फेऱ्या मी रशीदभाईंच्या मागं होते. नंतर लोक मला फार मोठ्या मनाची वगैरे म्हणाले. खरं सांगायचं तर त्यांना गाठायचा मी जिवापाड प्रयत्न करत होते.